आईचं पहिलं वाचन

या रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत बायबलमधलं यशयाचं, आईने पहिल्यांदा वाचलेलं तेच वाचन माझ्या वाट्याला आलं, आणि मुरबाडकडचं आमच्या गावचं पत्र्याचं चॅपेल डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मी तेव्हा सातवीत होते. आई चाळिशीत मिशनच्या सिस्टरांच्या वर्गात अक्षरं शिकली होती आणि त्या रविवारी पहिल्यांदाच वाचायला उभी राहिली होती. डोक्यावर पदर, ओळीवरून सरकणारं शेतकामाने राठ झालेलं बोट. ‘यरुशलेम’पाशी ते बोट थांबलं. बाहेर कोंबड्या पाचोळा उकरत होत्या, तेवढाच आवाज. मला तो शब्द येत होता, पण मी शरमेने मान खाली घातली.

“ह्यो शबुद मला येत नाय,” आई सगळ्यांना सरळ म्हणाली. “जुळवते, थांबा जरा.”

“वाच गो, आमाला काय घाई नाय,” मागून एक म्हातारी बोलली. फादरांनीही मान डोलावली. एकेक अक्षर जुळवत आईने तो शब्द पुरा केला.

घरी जाताना तिने विचारलं, “लय चुकली का गो मी?” मी भरभर पुढे चालू लागले.

आज मिस्सेनंतर बायबल घेऊन आईच्या खाटेवर बसले. तिला आता दिसत नाही. “आई, त्या दिवशी तू छान वाचलंस,” मी म्हटलं. “मलाच लाज वाटली होती.”

“मला म्हाईत होतं गो,” ती माझा हात चाचपत म्हणाली. “आता तू वाच. पन सावकाश.”