साडूबरोबर रेसला

माझं आणि माझ्या साडूचं पटत नाही, हे आता दोन्ही घरांत उघड आहे. मागच्या उन्हाळ्यापर्यंत ते झाकलेलं होतं. तो बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मी त्याला अहो-जाहो करायचो, तो मला अरे-तुरे करायचा, आणि सणावारी एकमेकांकडे जेवणं व्हायची.

अमेरिकेत तो माझ्या खूप आधी आला. ॲन आर्बरजवळच्या ज्या कंपनीत तो मॅनेजर होता, तिथेच त्याने मला चिकटवलं. त्याबद्दल मी त्याचे उपकार मानत होतो, आणि ते तो मला विसरूही देत नव्हता.

एका रविवारी तो आणि ताई आमच्याकडे जेवायला आले. माझी बायको नोकरी सोडून युनिव्हर्सिटीत पुढचं शिकायच्या बेतात होती. मी साडूला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, "ऑफिसमध्ये सगळं ठीक आहे ना? हिने राजीनामा द्यायला हरकत नाही ना?"

"काही हरकत नाही. बिनधास्त देऊ दे," तो म्हणाला आणि वाटीतलं श्रीखंड बोटाने निपटून खाल्लं.

सोमवारी बायकोने राजीनामा दिला. बुधवारी मला ले-ऑफ केलं. आमच्या टीममधून कोणाला काढायचं ते साडूनेच ठरवलं होतं, आणि तेही त्या रविवारच्या आधी. हे मला महिन्याभराने एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं.

वर्क व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला जेमतेम दोन महिने मिळतात, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. मला नोकरी मिळाली, पण डेट्रॉइटच्या पार पलीकडे. बायकोनेही मिळेल ते काम धरलं. तिचं शिक्षण राहिलं ते राहिलंच.

साडूला स्टॉक कारच्या रेसचं वेड. आमच्या गावापासून तासाभरावर एक नावाजलेला ओव्हल ट्रॅक आहे, तिथली एकही रेस तो चुकवत नाही. दोघी बहिणींनी संगनमत करून आम्हा दोघांचीच तिकिटं काढली.

"एकदा मोकळं बोला. माझ्यासाठी नाही, ताईसाठी," बायको म्हणाली.

मी गेलो. वाटेत त्याने रेडिओ लावला आणि मी खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत बसलो.

ट्रॅक म्हणजे मैदानाभोवती फिरणारा प्रचंड लंबगोल रस्ता, वळणांवर आतल्या बाजूला चांगलाच कललेला. गाड्या पहिल्यांदा समोरून गेल्या तेव्हा कानात बोळे असूनही माझ्या छातीत थरथरलं. झिजलेल्या टायरांची काळी कच उडून केसांत, मानेवर, हातातल्या सँडविचवर येत होती. साडू खुशीत होता. माझ्या कानाशी तोंड आणून तो ओरडून सगळं समजावत होता. त्याच्या आवडत्या ड्रायव्हरची गाडी निळी होती. आमच्या पुढच्या बाकावरचा लाल दाढीवाला त्याच गाडीला दर फेरीला मधलं बोट दाखवत होता. एवढ्या गर्दीत मला तेवढाच एक माणूस आवडला.

अर्धी रेस झाली आणि पाऊस भुरभुरायला लागला. ओल्या ट्रॅकवर या गाड्या पळवत नाहीत. रेस थांबली, इंजिनं बंद झाली आणि सगळे स्टँडखाली आडोशाला गेले. तिथे माझ्या हातात बिअर देऊन तो म्हणाला, "किती दिवस तोंड फुगवून बसणार आहेस?"

"त्या रविवारी तुम्हाला माहीत होतं ना?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "होतं."

"मग हिला राजीनामा का देऊ दिलात?"

"अरे, सांगितलं असतं आणि बाहेर फुटलं असतं, तर माझीच नोकरी गेली असती. मला दोन मुलं आहेत, घर आहे. तू काय केलं असतंस?"

"मला काढायचंच होतं तर काढा. पण 'थोडं थांबू दे तिला' एवढं बोलायला काय झालं होतं? मला कळलंही नसतं काही."

तो म्हणाला, "सुचलं नाही मला."

तो माफी मागेल, हात धरेल, निदान मान खाली घालेल, अशी कुठेतरी आशा होती. पण तो खरं तेच बोलत होता. माझ्या बायकोचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. बिअर मी तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मोठे ब्लोअर लावलेल्या गाड्यांनी ट्रॅक वाळवला आणि रेस पुन्हा सुरू झाली. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना निळी गाडी बाजूच्या गाडीला घासली, गर्रकन फिरली आणि भिंतीवर आदळली. सगळं स्टँड उभं राहिलं. मीही राहिलो, आणि टाळ्या वाजवल्या. जोरात, साडूकडे बघत.

"लाज वाटत नाही? आत माणूस आहे!" तो ओरडला.

"दिसतोय ना तुम्हाला? या माणसाचा बरा विचार सुचला!"

ड्रायव्हर खिडकीतून स्वतःहून बाहेर आला आणि त्याने हात हलवला. लाल दाढीवालासुद्धा त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होता. मी खाली बसलो. अपघाताला टाळ्या वाजवल्या याचं वाईट वाटलं. साडूला जे बोललो त्याचं नाही.

पार्किंगच्या शेतात चिखल झाला होता आणि गाड्यांची रांग हलत नव्हती. स्टिअरिंगवर हात ठेवून तो म्हणाला, "घरी यातलं काही सांगू नकोस. बायकांना उगाच त्रास."

मी दार उघडून उतरलो. त्याने हाक मारली, मग हॉर्न वाजवला. मी चिखल तुडवत हायवेलगतच्या पेट्रोल पंपापर्यंत चालत गेलो आणि बायकोला फोन केला.

ती आली. मी गाडीत बसल्याबसल्या तिला एकूण एक शब्द सांगितला. 'सुचलं नाही' म्हणाला, हेही.

"ताईला मी भेटत राहीन," ती म्हणाली, "पण भाऊजींना यापुढे माझ्या हातचं जेवण नाही."

तेव्हापासून दोघी बहिणी बाहेर कॉफी शॉपमध्ये भेटतात. दिवाळीला ताई मुलांना घेऊन आमच्याकडे आली. साडू खाली गाडीत बसून होता. मुलगा विचारायला आला, "काका, कॅन डॅड कम अप?"

"नो," मी म्हटलं आणि त्याच्या हातात चकली दिली.