सुई टोचण्याआधी

सरकारी दवाखान्यात डीएनए तपासणीच्या खोलीबाहेर महिला संघटनेची कार्यकर्ती म्हणून मी सुरेखासोबत बसले होते. तिचा नवरा कोर्टात म्हणतो, हे मूल माझं नाही. मग काय, बाईनं खरेपणाही पोराच्या रक्तातून काढून द्यायचा! माझ्या डोक्यात संघटनेच्या पत्रकाचा मथळा उकळत होता.

आत बोलावलं. सुई दिसताच नवऱ्यानं दोन्ही हात काखेत खुपसले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. चार वर्षांच्या पिंटूनंही तेच केलं. हात काखेत, तोंड भिंतीकडे.

इतका वेळ सुरेखाकडे पाठ फिरवून बसलेल्या तिच्या सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी पिंटूच्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "अगं बाई! याचा बापही लस टोचताना असंच करायचा!"

"आई, गप्प बस!" नवरा ओरडला.

नर्सबाई हसू दाबत म्हणाल्या, "आजी, रिपोर्ट यायचाय अजून."

"येऊ दे की सावकाश," म्हणत सासूबाईंनी पिंटूला मांडीवर घेतलं.

कोर्टाला आईचा शब्द पुरत नाही, आजीचाही नाही. त्यामुळे सुई टोचलीच. आधी बाप किंचाळला, मग लेक. सूर एकच.