वाडा चालत येतो

"अहो मॅडम, वाडा कुठाय?"

गेटवर उभ्या असलेल्या बाई नऊवारीत होत्या. नाकात नथ, अंबाड्यावर शेवंतीची वेणी, खांद्याला पर्स. मागे बसमधून त्यांचं अख्खं महिला मंडळ उतरत होतं. सगळ्या तशाच नटलेल्या.

"वाडा अजून यायचाय," मी म्हटलं.

"यायचाय म्हणजे? वाडा येतो?"

"येतो की. वाटेत आहे."

बाईंनी मंडळाकडे पाहिलं, मंडळानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यावर आमच्याच संग्रहालयाचं पोस्टर होतं. सागवानी कोरीव दरवाजा, पितळी कड्या, समई. वर ठळक अक्षरांत, 'पारंपरिक वाडा! फक्त एकच दिवस!'

माझं डोकं तसं लवकर तापतं. त्या सकाळी तर चहासुद्धा झाला नव्हता.

घोडेगावहून जुन्नरकडे निघालं की वाटेत आमचं संग्रहालय लागतं. पण काचेची कपाटं आणि 'हात लावू नका'च्या पाट्या आमच्याकडे नाहीत. याला लिव्हिंग हिस्ट्री म्युझियम म्हणतात. म्हणजे जुनी कामं इथं खरोखर चालतात. कुंभाराचं चाक फिरतं, बुरूड सूप विणतो, पाहुण्यांनी हात घातला तरी चालतं. ऋतू बदलला की कार्यक्रम बदलतो. पोळ्याला मातीचे बैल, भात निघाला की उखळ-मुसळ, थंडीत हुरडा. मी तिथली प्रोग्रॅम मॅनेजर. कार्यक्रम रंगला तर कलाकारांमुळे, फसला तर माझ्यामुळे, असं हे पद आहे.

दिवाळीनंतरचा एक शनिवार आम्ही लोकरीचा ठेवतो. त्या सुमाराला धनगर मेंढरं घेऊन माळशेज उतरतात, कोकणात जातात, आणि जाताना आमच्या भागातून जातात. मेंढरं, बायकापोरं, कुत्री, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर ऐटीत बसलेल्या कोंबड्या, या सगळ्या लवाजम्याला आमच्याकडे 'वाडा' म्हणतात. मी पुण्याच्या ऑफिसला व्हॉइस मेसेज पाठवला होता, 'शनिवारी वाडा येतोय, जाहिरात टाका.' पोस्टर मला दाखवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मी तिथल्या मुलीला फोन लावला. "अगं, एका दिवसापुरता वाडा असतो का कुठं?"

"मॅम, मला वाटलं पॉप-अप असेल, एका दिवसापुरता उभारायचा नि काढायचा."

मी फोन ठेवला.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या शनिवारावर आमच्या तात्यांचा माग अवलंबून होता.

तात्या आमच्याकडे घोंगडी विणतात. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला आहे. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातानं धोटा इकडून तिकडे फेकतो. दिसायला सुरेख काम. पण लोक यायचे, एक फोटो काढायचे, घोंगडीला बोट लावून "अगंबाई, टोचतंय की!" म्हणायचे आणि पुढं कुंभाराकडे जायचे. तात्यांचा स्वभावही असा की, कुणी न विचारता निघालं की मागून ओरडायचे, "पावणं, बगायचं नव्हतं तर सावलीला आला व्हता व्हय?"

आमचे संचालक पुण्यात असतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. त्याच आठवड्यात ते मागाच्या शेडमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, इथं कुणी थांबतच नाही. इथं कॉफी काउंटर टाकू. सोमवारी माणसं पाठवतो, माग उचलायला."

तात्यांनी ते ऐकलं. "माग उचलशीला, पर खड्डा ऱ्हाईल न्हवं? त्यात काफी वतायची काय?"

सर हसले, पण बेत बदलला नाही. मी भांडभांड भांडले. शेवटी एवढंच पदरात पडलं, "बरं, शनिवारी मी स्वतः येतो. लोक मागापाशी थांबले तर पुढचं बोलू." त्या दिवसापासून तात्या माझ्याशी नीट बोलत नव्हते. शनिवारी मात्र ते नवी टोपी घालून, दाढी करून मागापाशी बसलेले होते.

आणि इकडे वाड्याचा पत्ता नाही!

वाड्यातल्या कारभारणीचं नाव ठकूबाई. तिच्या मुलाचा फोन लागेना. मी मंडळाला चहापोह्यांवर बसवलं आणि स्कूटर काढली. फार लांब जावं लागलं नाही. आमच्या कुंपणापलीकडच्या वावरात, शेजारच्या सदाभाऊंच्या रानात, अख्खा वाडा मजेत बसलेला. मेंढरं रवंथ करतायत, घोडे मोकळे, चूल पेटलेली.

"सदाभाऊ, हा वाडा माझा आहे!"

"तुमचा कसा? रान तर माझं हाय."

"मी आधीपासून सांगून ठेवलाय त्यांना."

"तुमी सांगितला, आमी बसवला. लेंड्या पडाया लागल्यात ताई. आता उठवून न्हाई चालायचं."

हे 'बसवणं' बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. मेंढरं रात्रंदिवस रानात बसली की लेंड्यांचं, मुताचं खत जमिनीला मिळतं. त्याच्यासारखं दुसरं खत नाही. त्यासाठी शेतकरी धान्य देतो, जेवू घालतो आणि वाडा आपल्या रानात बसवून घेतो. पहाटे वाटेवर सदाभाऊंनी वाडा गाठला होता आणि आमच्या गेटाआधी आपल्या बांधाकडे वळवला होता. मला एवढा राग आला की विचारू नका.

ठकूबाई चुलीपासून उठून आली. उंच, काटक बाई, कपाळभर कुंकू. "ताई, तरास करून घिऊ नगा. ह्येला शबुद दिऊन बसलोय, आता मेंढरं न्हाई उठायची. तुमचं पावणं हिकडं आना की. त्येस्नी पाय हायेत न्हवं?"

"त्या बायका दरवाजा बघायला आल्यात हो, मेंढरं नाही."

"मग जावळ बगू द्या. आज कोकरांचं जावळ काढायचं हाय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी स्कूटर वळवली.

परत आले तर सर पोचले होते आणि मंडळाच्या गराड्यात उभे होते. त्यांचा कुर्ता पांढरा कडक इस्त्रीचा होता, चेहरा मात्र पार चुरगळलेला. नऊवारीतल्या त्या बाई, प्रभाकाकू, त्यांना सुनावत होत्या, "आम्ही पहाटे उठून नटलोय ते काय गोठ्यापुढं उभं राहायला?" बसचा ड्रायव्हर चावी फिरवत होता.

मी ओट्यावर चढले आणि ओरडले, "शेजारी जावळ आहे! ज्यांना यायचंय त्यांनी चला माझ्यामागून!"

प्रभाकाकू वळल्या. "जावळ? कुणाचं?"

"बाळांचं. बरीच बाळं आहेत."

नटून बसलेल्या बायकांना जावळाचं आमंत्रण द्यावं आणि त्यांनी नाही म्हणावं, असं घडत नाही. काकूंनी पदर खोचला. "अय्या, मग आधी नाही का सांगायचं!" अख्खं मंडळ नऊवारी सावरत बांधावरून निघालं. मागून सर, "ताई, हे काय चाललंय?" म्हणत.

रानात पोचल्यावर काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "बाळं कुठायत?"

ठकूबाईनं काळंभोर कोकरू उचलून पुढं केलं. "ही काय."

मंडळातून पहिली खुसखुस झाली आणि हसण्याची लाटच उसळली. काकूसुद्धा हसत होत्या, अगदी नथ सांभाळत. मी घाईघाईनं सांगून टाकलं की यात फसवणूक काही नाही. मूल लहान असताना त्याचे पहिले केस काढतात ते जावळ, तशी कोकराची पहिल्यांदा काढलेली लोकर, तिलाही जावळच म्हणतात. सगळ्यात मऊ लोकर ती. तिची घोंगडी टोचत नाही.

"जावळ म्हणजे जावळ," काकू म्हणाल्या. "मग रीतसर झालं पाहिजे." त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली.

"आमी असलं काय करत न्हाई बाई," ठकूबाई तोंडाला पदर लावून हसली.

"आज करू. पण मामा कुठाय? मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय जावळ काढत नाहीत."

सगळे मामा शोधू लागले. सदाभाऊ दोन पावलं मागं सरकले, "मी रानाचा मालक, माझं काय काम?" ठकूबाईचा नवरा कातरीला धार लावत होता, तो तर कोकराचा बापच म्हणायचा. राहता राहिला एकच पुरुष, पांढऱ्या कुर्त्यातला.

"मी? अहो, मी संचालक आहे."

"असा की," ठकूबाई म्हणाली. "मला पाठचा भाऊ न्हाई. बसा दादा."

ती हे अगदी सरळपणे म्हणाली. सर खाली बसले. घोंगडीवर मांडी घातली. काकूंनी कोकराला कुंकू लावलं, ओवाळलं, कुणीतरी अक्षता म्हणून ज्वारी टाकली आणि कोकरानं ती लगेच खाल्ली. कातर कचकच चालू झाली. काळी लोकर सरांच्या मांडीवर पडू लागली. सर आधी ताठ होते, मग हळूच कोकराच्या मानेवर हात फिरवायला लागले. तेवढ्यात भाच्यानं मामाचा कुर्ता ओला केला.

काय हशा पिकला! सदाभाऊ तर बांधावर बसून मांडी थोपटत होते. "रान सोडून मामाला खत दिलं की रं!" आणि त्या गोंधळात दुसऱ्या एका कोकरानं मागून येऊन प्रभाकाकूंची वेणी ओढली आणि फुलं चावत उभं राहिलं. काकू ओरडल्या, "अरे मेल्या!" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "खा रे बाबा, तुझं जावळ आहे आज."

लोकर हातोहात फिरली. "अगं खरंच, टोचत नाही!" कुणी गालाला लावून पाहत होतं. एकेक कोकरू येत होतं, मामा एकच होता. ठकूबाई म्हणाली, "एका कोकराचं घोंगडं न्हाई व्हत, दादा. समद्यांचाच मामा व्हावं लागतंय."

शेवटचं कोकरू उतरल्यावर ती सरांसमोर उभी राहिली. "मामा, भाचरांना काय घालनार?"

सरांनी खिशात हात घातला.

"ते नगं. मामानं कापड करायचं असतंय. ह्याच जावळाचं घोंगडं करून ठिवा. कोकणातनं माघारी येताना आमी न्हेतो."

"दिलं म्हणा, सर!" काकू म्हणाल्या. "मामाला नाही म्हणता येत नाही." मंडळानं टाळ्या धरल्या.

सर ओल्या कुर्त्यात उभे, अंगभर लोकर चिकटलेली. ते हसले. "दिलं."

माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. "पण विणायचं कुठं, सर?"

"तात्यांकडे. दुसरीकडे कुठं?"

"सोमवारी माग उचलायला माणसं येतायत ना?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाले, "त्यांना सांगा, मामा नको म्हणाला."

खरं सांगते, मला तिथंच त्या सदाभाऊंच्या रानात नाचावंसं वाटलं. लोकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन मीच पुढं निघाले. मागून मंडळ, शेवटी सर. कुणीतरी मंगलाष्टक म्हणायला लागलं, जावळाला ते लागत नाही तरी.

तात्या मागापाशी तोंड फिरवून बसले होते. मी गाठोडं त्यांच्यापुढं ठेवलं. "तात्या, जावळ आलंय. सरांनी भाचरांना घोंगडं कबूल केलंय. तुम्हीच विणायचं."

तात्यांनी लोकर मुठीत घेतली, दाबली, सोडली. टोपीनं डोळे पुसले, खड्ड्यात पाय सोडले आणि मागावरच्या अर्ध्या घोंगडीवर धोटा फेकला. खट्खट् सुरू झाली. लोकर कशी पिंजतात, चिंचोक्याची खळ कशाला लावतात, हे बायका विचारत गेल्या आणि तात्या सांगत गेले. मधेच प्रत्येकीचं माहेर विचारत होते. प्रभाकाकूंचं माहेर कळंब निघालं. "म्हंजी माझ्याच गावच्या! मग तुमी माझ्या भनीच," तात्या म्हणाले आणि त्यांना थेट मागावर बसवलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडला.

कॉफी काउंटर झालं, नाही असं नाही. चिंचेखाली झालं. लोक तिथून कप घेऊन मागाच्या शेडमध्ये येतात आणि तात्या ओरडतात, "सांडशीला तर त्येच घोंगडं इकत घ्यावं लागंल!" ते जावळाचं घोंगडं त्यांनी पुरवून पुरवून विणलं. संपलं की माग उचलतील, अशी त्यांना धास्ती होती. मृगाच्या आधी वाडा माघारी आला तेव्हा सर पुण्याहून मुद्दाम आले. घोंगडं ठकूबाईच्या खांद्यावर घातलं. मग भाच्याला भेटायला गेले. भाच्याला तोवर शिंगं फुटली होती. त्यानं मामाला अशी ढुशी दिली की मामा थेट सदाभाऊंच्या बांधावर.

आता स्टाफमध्ये सरांना कुणी सर म्हणत नाही. तोंडावरसुद्धा मामाच म्हणतात आणि ते ओ देतात.

माझ्या कामातला धडा एवढाच की शब्द पोस्टरवर टाकण्याआधी त्याला दारं आहेत की पाय, हे विचारून घ्यावं. यंदाचं पोस्टर मीच लिहिलंय, 'वाडा येतोय. चालत.' ते मंजुरीला पुण्याला पाठवलं, तर लगेच फोन आला. मंजुरीचं त्यात काहीच नव्हतं.

"ताई, माझी भाचरं कधी येतायत? कुर्ता जुना घालून येतो."