फाटे तासलेले बांबू

'मजुरांनी काम बिघडवलं' असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, एवढं चिडण्यासारखं काय आहे त्यात?

साठच्या दशकात मी नुकताच ओव्हरसियर झालो होतो. चिंचणीजवळच्या खाडीवर बांधाचं काम होतं. भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून हा बांध. एका ठिकाणी जागा कमी, त्यामुळे तो जवळजवळ भिंतीसारखा उभा चढवायचा होता. नुसती माती तशी उभी राहत नाही. म्हणून मातीच्या दर थरावर बांबू आडवे अंथरायचे, त्यांची पुढची टोकं दर्शनी कुडाला, म्हणजे समोरच्या काटक्यांच्या विणलेल्या भिंतीला, बांधायची आणि मागची टोकं बांधाच्या पोटात पंधरा फूट आत न्यायची. वर पुन्हा माती, पुन्हा चोपणी. माती कुडाला बाहेर ढकलते. तीच माती बांबूवर बसून त्याला आत धरून ठेवते.

हे मला शिकवलं मासवणकडून आलेल्या आदिवासी टोळीच्या मुकादमीण बाईंनी. पन्नाशीच्या होत्या. सगळ्यांशी 'अरे-तुरे'नेच बोलायच्या, माझ्याशीही. आमच्या कारकुनाला त्याचा फार राग यायचा, मला कधी आला नाही.

एका सकाळी ट्रकमधून नवे बांबू आले. निम्म्या लांबीचे, वर फाटे तासून गुळगुळीत केलेले. बोईसरला तेव्हा जिकडेतिकडे बांधकामं निघाली होती आणि परांचीला बांबू पुरत नव्हते. आमच्या बांबूंचे उरलेले अर्धे कुठे गेले, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे नाय चालायचं," बाई म्हणाल्या.

"का?"

"माती धरल कशाला? थांब, दाखवते तुला."

त्यांनी एक जुना, फाटेवाला लांब बांबू आणि एक नवा असे शेजारीशेजारी भरावात पुरले, वर माती चोपली आणि दोन्हींना दोर बांधला. चार गडी ओढायला लागले. नवा बांबू इतक्या सहज निसटला की चौघेही मागे पडले. जुना काही केल्या येईना. शेवटी तो बाहेरच्या बाजूला कडकन मोडला. आतला तुकडा आतच राहिला.

"अजून कोरडी हाय माती," बाई म्हणाल्या. "भिजली की बघ."

मी कंत्राटदाराकडे गेलो. तो हसला. "साहेब, पुरल्यावर कोण बघतंय?"

मी वरिष्ठ इंजिनियरांकडे गेलो. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मोजमापाचं पुस्तक पुढे सरकवलं. "लांबी पंधरा फूट. लिही आणि सही कर. नोकरी नवीन आहे तुझी." मी लिहिलं. सही केली. त्या माणसावरचा माझा राग खरा आहे, पण तो पुढे आला; स्वतःवरचा मात्र त्याच क्षणी सुरू झाला.

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी उधाणाची भरती आली. कूड आधी पोट काढल्यासारखा फुगला, मग सगळा बांध पुढे कोसळला. पोटरीत आलेलं भात तासाभरात खाऱ्या पाण्याखाली गेलं. ओहोटी लागल्यावर मी चिखलात उतरलो. बांबू इकडेतिकडे पडले होते. अख्खे. एकही मोडलेला नव्हता, सगळे नुसते निसटून आले होते.

दोन दिवसांनी वरिष्ठांनी अहवाल वाचून दाखवला: आदिवासी मजुरांनी चोपणीत हयगय केली. मी चिखलाने माखलेला एक बांबू त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मोजा, साहेब."

त्यांनी त्याला हात लावला नाही. "सही कर. नाहीतर आधीची सही खोटी होती असं लिहून दे."

त्यांना वाटलं, मी घाबरेन. मी लिहून दिलं. महिन्याभरात माझी बदली झाली. टोळीला कामावरून काढलं. कंत्राटदाराला काही झालं नाही. दुरुस्तीचं कामही त्यालाच मिळणार, असं आम्ही ऐकलं.

जाण्यापूर्वी मासवणला गेलो. बाई आपल्या तुकड्यात नाचणी निंदत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"आता लिवलंस. तवा का नाय लिवलंस?"

  मग त्यांनी शेताच्या बांधावर ठेवलेलं पाण्याचं मडकं हाताने दाखवलं. मी पाणी पिऊन निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी कंत्राटदाराला बांधावर पाऊलच ठेवू दिलं नाही. त्यांनी बाईंच्या टोळीला स्वतः बोलावून आणलं. बांबूही स्वतःच आणले, लांब, फाट्यांसकट. मी बदलीच्या गावाहून दर रविवारी एसटीने जायचो आणि माती वाहायचो. बाई मला इतर गड्यांसारखंच कामाला लावत. जुना विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्या पावसाळ्यात बांध टिकला, पुढेही टिकला. वरिष्ठांना मात्र बढती मिळाली, आणि तो अहवाल कुणी बदलला नाही. बाईंच्या टोळीवरचा ठपका कागदावर तसाच राहिला.