कासाराच्या हातची बांगडी

अमरावतीत कॉलेजच्या फाटकासमोर लीलाबाई कासारांचं बांगड्यांचं दुकान. दुकान कसलं, टपरीच. दोन काचेच्या पेट्या आणि मागे अंबादेवीची तसबीर. सकाळी उदबत्ती लावून देवीपुढे हात जोडल्याशिवाय लीलाबाई पहिल्या गिऱ्हाइकाचा हात हातात घेत नसत. कासाराघरचे दोन नेम सासूनं त्यांना लग्न झाल्या-झाल्या शिकवले होते. पुढे आलेला हात नाकारायचा नाही, मग तो कोणाचाही असो. आणि कासाराच्या बोटांत असताना बांगडी वाढली, तर ती कासाराची. तिचे पैसे घ्यायचे नाहीत आणि तिचा दोषही लेणारीला लागू द्यायचा नाही. 'फुटली' हा शब्द त्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. बांगडी वाढायची.

अशा बाईला व्हॉलीबॉलचं वेड लागावं, हे नवलच. झालं असं, की एकदा सामन्याच्या तोंडावर एका पोरीच्या हातात बांगड्या अडकल्या, म्हणून कॉलेजवाल्यांनी लीलाबाईंना साबणाच्या पाण्यासकट मैदानावर नेलं. बांगड्या निघाल्या, पण लीलाबाई काही परत गेल्या नाहीत. जाळ्याच्या वर उडालेल्या त्या पोरी बघून त्यांचा आ वासलेला तो शेवटपर्यंत मिटलाच नाही. तेव्हापासून सामना असला, की सगळ्या पोरींच्या बांगड्या, डूल, घड्याळं लीलाबाईंच्या ओटीत. पोरींनी बाजू बदलली, की लीलाबाईही सतरंजी गुंडाळून त्यांच्यामागे त्या बाजूला. अकोल्याविरुद्धचा सामना असला, तर त्या दिवशी उपास. नवरा खुशालराव गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या बाईचं कॉलेजात नाव टाकाचं तेवढं राहून गेलं."

त्यांची सगळ्यांत लाडकी पायल. तिवशाकडच्या एका खेड्यातून आलेली उंच, काळीसावळी पोरगी. टीममधल्या अफिफानं जाळ्यापाशी चेंडू उंच उचलून लिफ्ट द्यावी आणि पायलनं मारावं, अशी जोडी होती. पायल उडाली, की लीलाबाई सतरंजीवरून अर्ध्या उठत आणि ओरडत, "मार पोरी!" दोन वर्षं हेच चाललं.

मग पायलचं लग्न ठरलं. ती वर्षं वऱ्हाडात फार वाईट होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. गावोगावची लग्नं लांबत होती, नाहीतर घाईनं उरकत होती. लीलाबाईंची तर काही गावं सुटलीच होती, कारण तिथे बांगड्यांची पेटी घेऊन शिरायची त्यांना लाज वाटायची. मोकळे हात फार दिसू लागले होते. पायलच्या बापानं पोरीला सामूहिक लग्नात उभी केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. चुडा मात्र लीलाबाईंनी स्वतः जाऊन भरला. हळदीनं मऊ झालेल्या हातांवर माप जरा घट्टच बसवलं, चुडा हातावर घोळू नये म्हणून. भरताना पायलला म्हणाल्या, "सुखी राहा माय. आता काय खेळणं होते तुहं!"

हे वैशाखात. सामना आला २००६च्या थंडीत, संक्रांतीच्या आधी. यंदा तो अकोल्याला होता. पोरींच्या बसमधून लीलाबाई ओटी आणि बांगड्यांची पेटी सांभाळत गेल्या. सोबत अफिफाचे आजोबा अब्दुल गफ्फार, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अख्ख्या रस्त्यानं त्यांचं आमच्या पोट्ट्या अन् त्यांच्या पोट्ट्या चाललं होतं.

"अकोल्यात दम नाही, लीलाबाई. हवा हाये नुसती."

"मागच्या साली कोण हारलं होतं, गफ्फारभाई?"

"तो तर पंचाचा हात होता. पंचाचा!"

दिवस कलायला आला, तशी अकोल्याची टीम रांगेनं मैदानात आली. लीलाबाई मान उंच करून बघत होत्या आणि एकदम त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रांगेत शेवटी, अकोल्याच्या निळ्या जर्सीत, पायल.

"अवो माय!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

गफ्फारभाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आपली पोट्टी हाये ना ती?"

"होती," लीलाबाई म्हणाल्या.

सासर अकोल्याचं. सासरच्यांनी तिथल्या कॉलेजात नाव घातलं, आणि खेळाच्या मास्तरणीनं उंची बघून तिला टीममध्ये ओढली. एवढं सगळं झालं आणि या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं. लीलाबाईंना आनंद व्हावा की राग यावा, हेच समजेना. खेळ सुटला म्हणून ज्या पोरीसाठी त्या देवीपुढे हळहळल्या होत्या, तीच पोरगी आता त्यांच्याच पोरींना मारायला उभी होती.

पंचानं हात तपासायला सुरुवात केली. पायलपाशी येऊन तो थांबला. निळ्या बाहीखाली मनगटावर पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीच्या कडेनं हिरवी काच डोकावत होती. आतापर्यंतच्या सामन्यांत पंचांनी चालवून घेतलं होतं. हा चालवून घेईना. "काच चालणार नाही. काढा, नाहीतर बसा."

"काढा म्हणजे काय?" बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. नऊवारी नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू असलेली एक बाई तरातरा मैदानात आली. ती पायलची सासू, पार्बताबाई. "पहिली संक्रांत झाल्याबिगर चुडा हालत नसते आमच्यात. आमच्या आळीत यंदा दोन पोरींचे हात मोकळे झाले. मले तिसरी पाहाची नाही."

पायल मातीकडे बघत उभी.

अकोल्याची मास्तरीण गयावया करू लागली. पार्बताबाई बराच वेळ नाही-नाही करत राहिल्या. मग सुनेच्या तोंडाकडे बघून जराशा पाघळल्या. "बरं. साबूत उतरवा अन् साबूत चढवा. मंधात हाताले हळदीचा दोरा बांधा. पण एक बी वाढली ना, तर ही पोट्टी पुन्हा मैदानात पाय ठेवणार नाही. आजही नाही, पुढेही नाही. बोला, कोण काढते?"

पायलनं मान वर केली आणि सरळ अमरावतीच्या बाजूला बघितलं. मग सगळं मैदानच तिकडे बघू लागलं.

लीलाबाई जाग्यावरच थिजल्या. गफ्फारभाई हळूच हसले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "जा, लीलाबाई. एकच वाढू द्या. सामना आपला."

"काही तरीच काय बोलता!" लीलाबाई खेकसल्या. पण बोल कानात पडायचा तो पडलाच.

साबणाचं पाणी आलं. पायल मांडी घालून समोर बसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. "मावशी, रागावल्या का?"

"गप बस. हात सैल सोड."

उजवा हात सहज झाला. अंगठा आत दुमडायचा, तळवा घडी घातल्यासारखा धरायचा आणि बांगडी ढकलायची नाही, फिरवत आणायची. एकेक बांगडी लीलाबाईंच्या पदरावर उतरत गेली. डाव्या हाताचंही होत आलं. शेवटची तेवढी राहिली. लग्नानंतर शेतातलं काम आणि मैदानावरचा मार, दोन्हींनी पायलचा तळहात रुंद झाला होता. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली.

समोर अफिफा उभी होती. पायल नसती, तर अफिफाची टीम जिंकल्यातच जमा होती. दोन वर्षं ज्या पोरींसाठी उपास केले, त्या पोरी. लीलाबाईंचं बोट क्षणभर थांबलं. मन चिंती ते वैरी न चिंती. आणि कट्‌ असा बारीकसा आवाज झाला.

बांगडीचे दोन तुकडे त्यांच्या बोटांत होते.

गफ्फारभाईंनी तोंडावर हात ठेवला. पायलच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता धक्का होता. आपण पडल्यावर ज्यानं उचलायचं, त्यानंच पाय ओढला की माणूस तसा बघतो. पार्बताबाई म्हणाल्या, "झालं. चल पायल, घरी."

लीलाबाईंना आपलाच हात ओळखू येईना. इतक्या वर्षांत हजारो हातांतून त्यांनी बांगड्या उतरवल्या होत्या. अडली म्हणून बांगडी वाढली, की आपण थांबलो म्हणून वाढली? त्यांनी मनातल्या मनात देवीला विचारलं. तेवढ्यात सासूचं शिकवणं आपोआप ओठांवर आलं.

"थांबा, बाई," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "कासाराच्या बोटांत वाढलेली बांगडी कासाराची असते. ही तिची नाही, माही हाये."

"ते चढवताना," पार्बताबाई फणकारल्या. "उतरवतानाचं कोनं सांगतलं?"

"मी सांगतो," लीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी ते दोन तुकडे कपाळाला लावले आणि स्वतःच्या ओटीत टाकले. "याचा जो काही दोष असल, तो माह्या चुड्याले. हिच्या नाही. अंबाबाई साक्ष हाये."

बायकांच्या बाजूनं "बाप्पा!" असा एक हुंकार उठला. सामना बघायला आलेल्या पुरुषांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण बायकांना कळलं. लीलाबाईंच्या हातात चुडा होता, कारण खुशालराव होते. या वेळी ते अमरावतीत दुकानाची पेटी पुसत बसलेले असणार. त्या माणसाच्या जिवावर ही बाई परक्या सुनेचा दोष ओढून घेत होती.

पार्बताबाई पदर सावरत मागे सरल्या आणि कट्ट्यावर जाऊन बसल्या. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पंचानं घड्याळ बघितलं. कोणीतरी हळदीचा दोरा आणून पायलच्या मनगटांना बांधला आणि शिट्टी वाजली.

सामना कसा झाला, हे लीलाबाईंना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. त्या ओटी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यातले दोन तुकडे लुगड्यातून टोचत होते. गफ्फारभाई तर सामना विसरूनच गेले होते. पुन्हा पुन्हा म्हणत, "मी मजाक केला होता, लीलाबाई. खुदाची कसम, मजाक."

"मले माईत हाये, गफ्फारभाई. तुमी मजाकच केला. मी काय केलं, ते पाहून राहिलो मी."

दोन सेट अमरावतीचे, दोन अकोल्याचे. शेवटच्या सेटमध्ये आठवर पोरींनी बाजू बदलली. लीलाबाई जाग्यावरून उठल्याच नाहीत. सतरंजी तिथेच राहिली आणि त्यांच्या समोर आता अकोल्याच्या निळ्या पाठी होत्या. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. शेवटी अकोला चौदा, अमरावती तेरा. अकोल्याची लिफ्ट उंच गेली, पायल मागून धावत आली आणि उडाली. तिच्या हातावरचा पिवळा दोरा दिव्यात चमकला. लीलाबाई सतरंजीवरून अर्ध्या उठल्या.

"मार पोरी!"

चेंडू अफिफाच्या हातांवरून बाहेर गेला. सामना संपला.

अकोलेवाल्यांचा एकच गलका झाला, पण अमरावतीच्या बाजूला सगळे लीलाबाईंकडे बघत राहिले. लीलाबाई उभ्याच होत्या, एक हात वर. आपण काय ओरडलो, हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. गफ्फारभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "याले काय म्हणाव?" जाळ्याच्या पलीकडून अफिफा रडता रडता हसायला लागली.

पायल घामानं भिजलेली आली आणि पुन्हा मांडी घालून समोर बसली. तिनं हात पुढे केले. लीलाबाईंनी दोरा न काढता त्यावरूनच एकेक बांगडी चढवली. या वेळी अंगठ्याशी एकही अडली नाही. डाव्या हातात एक कमी पडली. लीलाबाईंनी आपल्या पेटीतून त्याच मापाची हिरवी काढली आणि पार्बताबाईंकडे बघितलं.

पार्बताबाई जवळ येऊन उकिडव्या बसल्या. पोरी गलका करत होत्या, म्हणून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "खरं सांगजा, बाई. मुद्दाम केली होती का?"

लीलाबाईंना वाटलं, नाही म्हणावं. सोपं होतं. पण ओटीतले तुकडे टोचत होते.

"मले माईत नाही," त्या म्हणाल्या. "देवीशपथ, माहं मलेच माईत नाही. बोट थांबलं होतं, एवढं खरं."

पायलनं झटकन वर बघितलं. मग पार्बताबाई उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अमरावतीची एक राहू दे हातात. अन् बूट पिशवीत भर. उद्या सराव कराले जायचं हाये ना? सकाळी शोधत बसशीन."

"जाऊ?" पायलला खरं वाटेना.

"जा म्हणतो ना!"

लीलाबाईंनी ती हिरवी बांगडी चढवली आणि पायल पळाली. पार्बताबाई मात्र गेल्या नाहीत. त्या पुन्हा खाली बसल्या, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत गोंदलेला आपला जुना, सुरकुतलेला हात त्यांनी लीलाबाईंच्या पुढे केला.

"मले बी भर दोन. तुह्याच हातानं."

पुढे आलेला हात नाकारायचा नसतो. लीलाबाईंनी पेटीतून दोन हिरव्या बांगड्या निवडल्या, त्या कपाळाला लावल्या आणि पार्बताबाईंचा तळवा हातात घेतला. अंगठा आत दुमडला आणि पहिली बांगडी ढकलली नाही, फिरवत चढवली.