पुसूनही न सुटलेली जागा

रुग्णालयाच्या वाचा-उपचार विभागातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ‘थांबा’ म्हणत. कुठल्याही सूचनेवर त्याचा पहिला शब्द तोच असे. घरून निघालेला थांबा गॅस बंद आहे ना हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येई. त्याची थोरली वहिनी स्वयंपाकघरातूनच सांगे, “भाऊजी, गॅस मी बंद केलाय. तुम्ही आता डोकं बंद करा.” ती शाळेत शिकवायची, आवाज भिंतीपलीकडच्या वर्गालाही पुरायचा.

त्या आवाजाची जागा घशातच होती आणि आजारामुळे तिथलं स्वरयंत्रच कापून काढावं लागणार होतं. विभागात अशा रुग्णांकडून साधीसुधी वाक्यं आधीच वाचून घेऊन ध्वनिमुद्रित करून ठेवतात. पुढे रुग्ण टाइप करतो आणि यंत्र त्या वाक्यांवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात बोलतं. वहिनीची वाक्यं ध्वनिमुद्रित झाली, शस्त्रक्रियाही झाली. आता ती पाटीवर लिहायची. फोनवर तिचे जुने निरोप होते, पण कुकरच्या शिट्टीसकट. त्यातून आवाज घडवता येत नाही.

थांबाची चूक अशी: ध्वनिमुद्रणाच्या आठवड्यात साठवणीची नवी डिस्क अजून यायची होती. ज्या माणसानं जन्मभर ‘प्रोग्रॅमच्या पेटीत माणसांचं सामान ठेवू नका’ असं बजावलं, त्यानंच वहिनीची वाक्यं तात्पुरती प्रोग्रॅमच्या इमेजमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावरून चालू होतो त्या गोठवलेल्या साच्यात, कोंबली. डिस्क आली, इतरांची वाक्यं तिकडे गेली, रोजची राखीव नक्कलही तिकडचीच निघू लागली. तात्पुरतं तेवढं तिथेच राहिलं.

वहिनीला वॉर्डात भेटून तो परतला, तेव्हा त्याचा सहकारी ‘झटपट’ खुशीत होता. सर्व्हर भरत आला होता म्हणून त्यानं चालू कंटेनरमध्ये शिरून जुनं फोल्डर उडवलं होतं. कंटेनर म्हणजे एका छपराखाली राहून आपला संसार वेगळा आहे असं मानणारा प्रोग्रॅम; घरोघरी असे जीव असतात. फोल्डरचं नाव ऐकून थांबा खुर्चीच्या कडेला बसला. झटपटची तक्रार निराळीच होती: एवढं पुसलं तरी जागा तसूभरही सुटली नाही. म्हणून तो आता कंटेनर बंद करून जुनी इमेजच काढून टाकणार होता.

“थांब,” थांबा म्हणाला.

“तुमचं थांबा आम्हाला पाठ आहे हो,” झटपट म्हणाला. त्याचं बोट की-बोर्डवर तयार होतं.

“वहिनीचा आवाज आहे त्यात.”

झटपटनं हात मांडीवर घेतले.

जागा सुटली नव्हती, यातच थांबाचा सगळा जीव अडकला होता. कंटेनरमधल्या फायली एकावर एक रचलेल्या काचांसारख्या असतात. खालच्या काचा इमेजच्या, त्यांवर कुणाला लिहिता येत नाही. लिहायचं ते सर्वांत वरच्या काचेवर. खालचं काही पुसलं तर ते पुसलं जात नाही, वरच्या काचेवर तेवढ्या जागी एक पट्टी चिकटते. वरून बघणाऱ्याला वाटतं, गेलं.

हे त्यानं कितीदा तरी लोकांना समजावलं होतं. त्यावर स्वतः विश्वास ठेवायची वेळ प्रथमच आली होती.

वरचा थर, म्हणजे पट्ट्या चिकटलेली ती काच, वगळून नुसते खालचे थर एका वेगळ्या फोल्डरवर माउंट करायचे, म्हणजे तिथून दिसतील असे जोडायचे, तेही फक्त वाचण्यापुरते, असं त्यानं ठरवलं. थरांची नावं एका ओळीत लिहिली, ओळ पुन्हा वाचली, आज्ञा दिली. फोल्डर उघडलं. रिकामं.

त्याच्या कानात नुसता पंख्याचा आवाज उरला. वहिनीला काय सांगायचं, याचं पहिलं वाक्यही त्यानं मनात जुळवून टाकलं.

झटपट वाकून ती ओळ वाचत होता. घाईचा माणूस एवढं हळू वाचू शकतो, हे विभागात कुणाला माहीत नव्हतं. म्हणाला, “सर्वांत वरचा थर डावीकडे लिहायचा ना? तुम्ही तळाकडून सुरुवात केलीय.”

खरंच होतं. फार पूर्वी कधीतरी तेच फोल्डर एकदा रिकामं केलं गेलं होतं. त्या वेळची पट्टी तळाकडच्या एका थरात होती आणि उलट्या क्रमामुळे ती वहिनीच्या वाक्यांच्या वर येऊन बसली होती. थांबानं माउंट सोडवलं, क्रम पालटला. बोटं दोनदा चुकली.

फायली आल्या. एक लावली, तर वहिनी सपाट सुरात सांगत होती की टेबलावर निळा पेला आहे. झटपट खिडकीबाहेर बघत राहिला. थांबानं नकला वेगवेगळ्या डिस्कवर केल्या आणि प्रत्येक उघडून ऐकली.

वहिनीचा आवाज तयार व्हायला काही आठवडे गेले. यंत्र घरी आलं त्या सकाळी थांबा नेहमीसारखा कामाला निघाला. अर्ध्या जिन्यात पोचला आणि वरून आवाज आला, किंचित सपाट, पण भिंतीपलीकडे पुरणारा: “भाऊजी, गॅस मी बंद केलाय.”

तो थांबला. मग परत वर गेला आणि गॅस बघून आला.