गुलपंजाचा तोंबक

काशानमध्ये बायकांची मैफल म्हटली की दोनच नावं निघायची. गाण्याला मी, अक्दस, आणि तोंबकला गुलपंजा. तिचं खरं नाव तूबा, पण ते घरच्यांपुरतं. तुतीच्या ओंडक्यातून अख्खा कोरलेला तो तोंबक मांडीवर आडवा घेऊन ती कातड्याच्या मध्यावर 'तोम', काठावर 'बक' अशी सुरुवात करायची, आणि मग दहाही बोटं सोडायची. काठी टेकत आलेली म्हातारीसुद्धा खांदे उडवायला लागायची. मी काय, तिच्या जिवावर गात होते.

नवरा लवकर गेला. त्या तोंबकवरच तिनं नस्तरनला वाढवलं, शिकवलं. पोर तान्ही असताना झोपायची नाही, तर ही पाळण्याशी बसून दोन बोटांनी कातड्यावर हलकंसं वाजवायची. पोर गुडूप! पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मैफलीत डोक्यावर घेणाऱ्या बायाच रस्त्यात 'वाजंत्रीण' म्हणून तोंड फिरवायच्या. तूबा म्हणायची, "बोलू दे गं. माझ्या नस्तरनच्या मेंदीला असा वाजवीन ना, की ह्याच बाया भिंतीला कान लावून बसतील." बाईची एवढी एकच हौस. पोरीचं लग्न ठरलं तशी तिनं तोंबकला नवं कातडं चढवून घेतलं.

स्थळ नतंझचं. नाशपतीच्या बागा, हज केलेली माणसं. मेंदीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तर तोंबक चादरीत गुंडाळून कपाटावर.

"हे काय गं?"

"नस्तरन नको म्हणते. सासरची माणसं सोवळी आहेत म्हणे."

"आणि तू गप्प बसलीस?"

"आई आहे मी, अक्दस. उद्या नुसती आई म्हणून बसेन. तेही कुठे कमी आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तोंड आवरलं.

मेंदी दुपारची, तूबाच्याच घरी. कोपऱ्यात स्पीकर लावलेला, त्यावर तेहरानची गाणी. मुलाची आजी, हाजियाखानम, मोतीबिंदूनं निम्मी आंधळी, पण कान शाबूत. थोडा वेळ ऐकून ती करवादली, "बंद करा गं ते डबडं! मेंदीला तोंबक नाही म्हणजे काय? काशानमध्ये वाजवणाऱ्या बाया संपल्या की काय?"

स्पीकर बंद झाला. मी तूबाकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला! बोटं मांडीवर चुळबुळायला लागली. कपाटावरचा तोंबक दहा पावलांवर.

म्हातारी बोलतच होती. "माझ्या लेकीच्या, परवीनच्या लग्नात एक आली होती इथली. गुलपंजा. असा हात पुन्हा ऐकला नाही बाई. ह्या पोरीचं स्थळ आलं, कुणीतरी म्हणालं गुलपंजाच्या घरातली आहे. मी म्हटलं, मग विचार कसला करता, हो म्हणा! नस्तरननं सांगितलं तेव्हा किती वाईट वाटलं. तूबाखानम, तुमची बहीण ना ती? कधी वारली हो?"

नस्तरन मेंदीचे दोन्ही हात पुढे धरून बसलेली, मान खाली. वर बघेल तर शपथ. आईची मावशी करून तिला मारून टाकलं होतं! पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला होता, आणि तोही फुकटच. त्या घराला तर तोंबकच हवा होता!

मी उठणार, तर तूबानं माझं मनगट गच्च धरलं.

"झाले काही दिवस," ती म्हणाली.

"खुदा तिला माफ करो," हाजियाखानम म्हणाली. " आनंदाच्या दिवशी गेलेल्यांना विसरू नये. पढा गं सगळ्याजणी, गुलपंजाच्या नावानं एक फातिहा."

बायकांचे ओठ हलायला लागले. काशानच्या बायकांचेसुद्धा. त्या सगळ्यांना ठाऊक होतं ती समोर बसलीय, पण नवरीचं घर कोण मोडणार? तूबाचेही ओठ हलत होते. शेवटपर्यंत पढली ती, एक शब्द न गाळता.

पाहुण्या गेल्यावर नस्तरन रडत पाया पडायला आली. तूबानं तिला उठवलं, कपाळाचं चुंबन घेतलं, जेवायला वाढलं. मला मात्र तोंबक देऊन टाकला. "घेऊन जा. मेलेल्या माणसाची वस्तू घरात नको."

वर्षभरानं नस्तरन बाळंतपणाला आली. आईसारखंच पोर, रडून रडून घर डोक्यावर घ्यायचं. एका सकाळी मी बाळाला बघायला गेले, तर नस्तरन मलाच म्हणते, "अक्दसखाला, तोंबक आणता का?" मी आणला. म्हटलं, बाळाच्या निमित्तानं तरी गाठ सुटेल. स्टोव्हवर धरून कातडं शेकलं आणि तूबासमोर ठेवला.

नस्तरन म्हणाली, "आई, दोन बोटांनी वाजव ना. माझ्यासाठी वाजवायचीस तसं."

तूबानं बाळाला खांद्यावर घेतलं. तोंबककडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते गुलपंजाला यायचं गं," ती म्हणाली. "तिची फातिहा पढलो ना आपण, तुझ्याच मेंदीत?"